जपानी धोबी

सुरत, २ डिसेंबर १९९६

प्रिय शर्वरी,

मायना काय लिहावा यातच अर्धी सकाळ गेली. 'चि. सौ.' लिहायची इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप तिकडे गेला आणि थांबला. कोर्टाच्या कागदांनी ते 'सौ.' काढून घेतलं. 'चि.' कोणी काढून घेतलेलं नाही, म्हणून ते मनात ठेवलं आहे. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, काही सुचलं नाही की 'डिअर' लिहावं, ते ओळखीच्याला आणि अनोळख्याला, दोघांनाही चालतं.

तुझं मे महिन्यातलं पत्र माझ्याजवळ आहे. 'तिकडून काही आलं की मयू दोन दोन दिवस बाबा कधी येणार म्हणून विचारत राहते. तिला इथे रुजू द्या.' हे तू लिहिलंस आणि मला ते पटलं. म्हणून आधीच शब्द देते. या पत्रात, आणि पुढे कधी लिहिलंच तर त्या पत्रांतही, त्या माणसाचा उल्लेख असणार नाही. पत्र तुझ्या नावाने आहे. मयूला वाचून दाखवायचं की फाडून टाकायचं, तू ठरव.

मी लिहिते आहे ते कार्टूनबद्दल. हसू नकोस.

झालं असं. इच्छापोरच्या पुढे कंपनीच्या वसाहतीत मोरिता नावाचं जपानी जोडपं राहत होतं. नवरा हजिऱ्याच्या एका प्लँटवर इंजिनिअर. बाईंना इंग्रजी शिकायचं होतं. मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि घर फार शांत होतं, तेव्हा म्हटलं शिकवते. कंपनीची जीप मला न्यायला यायची, शेजारच्या जशुबेनना वाटायचं मला पोलीस धरून नेतात. दसऱ्याला मोरिता मंडळी मायदेशी गेली. जाताना बाईंनी व्हिडिओ कॅसेटची एक पेटी माझ्या हातात दिली. त्यांची आई तिकडून टीव्हीवरची कार्टून भरून पाठवायची. 'फॉर चिल्ड्रन,' असं म्हणून त्यांनी पेटीवर थोपटलं. माझ्या घरात आता मूल नाही, हे सांगायला मला, इंग्रजीच्या मास्तरणीला, इंग्रजी सुचलं नाही.

घरी आणून कॅसेट लावली तर चित्र खालून वर पळायला लागलं, रहाटगाडग्यासारखं. खालच्या व्हिडिओ लायब्ररीतल्या किसनला बोलावलं. तुला आठवतो ना, अमळनेरकडचा, बोलताना मान हलवणारा? त्याने टीव्हीच्या पाठीमागचं एक बटण पिळलं आणि चित्र उभं राहिलं. पण नुसतं काळं-पांढरं.

"ताई, कॅसेट चांगली शे. फक्त रंग उडी गया."

"असा कसा उडेल रे?"

"हजिऱ्याची हवा, ताई. खारी. ती लोखंडाले खाते, कॅसेटले सोडीन का?"

साड्यांच्या मिल असलेल्या ज्या गावात घरोघरच्या मोऱ्यांतून रंगीत पाणी वाहतं, तिथे बसून मी रंग उडालेली कार्टून बघते आहे. भाषाही येत नाही. पण मी जन्मभर मुलांना चित्र दाखवून 'आता पुढे काय होईल?' हेच विचारत आले, तेव्हा हे मला जमतं. मोठी मौज वाटते.

टीव्हीवर येणारी जपानी कार्टून मयूला माहीत असतील, ती सगळ्यांनाच माहीत असतात. ही कोणालाच माहीत नाहीत. मोरिताबाई म्हणाल्या, त्यांच्या देशातही फारशी चालली नाहीत. एक तर मध्येच बंद पडलं. मला तेच आवडतं. न चाललेल्या गोष्टींत कोणीतरी फार मन घातलेलं असतं.

पहिलं सांगते. बाईंनी प्रत्येक कॅसेटवर बॉलपेनने छोटं चित्र काढलं आहे. यावर रुळाचं टोक आहे. मी नाव ठेवलं 'शेवटचं स्टेशन'. गाडी जिथे संपते तिथे एक बाई जेवणाचे डबे विकते, तिची मुलगी सात-आठ वर्षांची. प्रत्येक भागात एक प्रवासी काहीतरी विसरून जातो आणि ती मुलगी ते द्यायला निघते. एकदा चष्मा, एकदा बासरी, एकदा दातांची कवळी! वस्तू परत देताना ती दोन्ही हातांनी देते, आणि दर वेळी चेहऱ्यावर असा भाव की वस्तू दिली, आता माणूसही गेला. मला एक कळत नाही : तिचे वडील कुठे आहेत? कोणी सांगत नाही, की सांगतात आणि मला भाषा कळत नाही?

(हे वाक्य वाचताना तुला मी मुद्दाम लिहिलं असं वाटेल. तसं नाही. कार्टूनमध्ये खरंच तसं आहे.)

फेब्रुवारीत जशुबेन अमेरिकेत एडिसनला, तुमच्याच गावी, लेकीकडे निघाल्या आहेत. तू हो म्हणालीस तर काही कॅसेट त्यांच्याबरोबर देईन. तुझ्या दादाकडे प्लेअर असेलच.

विजया कारखानीस

•

सुरत, १९ जानेवारी १९९७

प्रिय शर्वरी,

तुझं कार्ड मिळालं. 'कॅसेट पाठवा. पत्र माझ्याच नावाने लिहा.' दोन वाक्यं, पण मी ती इतक्यांदा वाचली की जशुबेननी विचारलं, "लॉटरी लागी के शुं?"

संक्रांतीची उतरायण झाली. गच्चीवर चार दिवस नुसता आरडाओरडा होता, माझ्या तुळशीत अजून मांजा अडकलेला आहे. आता शांत झालं, तेव्हा सांगते.

तीन कॅसेट देते आहे. आधी 'शेवटचं स्टेशन' बघा. मग ज्या कॅसेटवर बाईंनी कढई काढली आहे ती. शाळेच्या स्वयंपाकघरात एक भूत आहे. मयू भुतांना घाबरते हे मला ठाऊक आहे, पण हे भूतच घाबरट आहे. ते रोज डाळीसारखं काहीतरी चाखतं आणि तोंड वेडंवाकडं करतं. आचारीणबाईला ते दिसत नाही, तरी ती बरोबर त्याच वेळी मीठ घालते. तिला कसं कळतं? मी तीनदा बघितलं. बहुधा वाफ वाकडी होते त्यावरून. मयूला विचार, मुलांची नजर बारीक असते.

आणि सगळ्यांत शेवटी, घाई न करता, ज्यावर बगळा आहे ती. हीच मध्येच बंद पडलेली मालिका. माझी सर्वांत आवडती, आणि सर्वांत न कळलेली. नाव ठेवलं आहे 'जपानी धोबी'.

नदीकाठी एक म्हातारा धोबी एकटा राहतो. सोबतीला एक बगळा, तो त्याच्याकडे सासूसारखा बघत असतो. (माझ्यासारखा नव्हे. सर्वसाधारण सासूसारखा.) गावातले लोक त्याच्याकडे कापडं आणतात, आणि गंमत म्हणजे ती मळकी नसतातच! पांढरीशुभ्र, लांबच लांब. तो वाकून ती घेतो, वाफाळत्या हौदात बुडवतो, बांबूने ढवळत बसतो, मग नदीच्या धारेत सोडतो आणि वाळत घालतो. वाळल्यावर बघावं तर कापड आधीपेक्षा काळपट! म्हणजे धोबी अगदीच सुमार. आणि तरी लोक खूश. एक म्हातारी तर धुतलेलं कापड छातीशी धरून ढसाढसा रडते. मला वाटलं, लुगड्याचं वाटोळं झालं म्हणून. पण रडता रडता ती त्याला कमरेत वाकून नमस्कार करते. एक मुलगा रोज त्याच्याकडे येऊन नुसता हौदात डोकावतो आणि घरी जाऊन मार खातो. धुण्याच्या हौदात बघण्यासारखं काय असतं?

माझा तर्क असा की जपानात कपडे धुणं हे पुण्यकर्म असावं. आपल्याकडे नाही का, देवळाचा उंबरा धुतात तसं. मोरिताबाईंना विचारायला हवं होतं.

दारात उभं राहून कोणीतरी म्हणालं, "आई, हा धोबी फार सावकाश धुतो."

मी म्हटलं, "तुला धुण्यातलं काय कळतंय? स्वतःचा रुमाल कधी धुतलायस?"

त्यावर हसू आलं. या घरात हसू आलं म्हणून लिहिलं, आणखी काही नाही. ही ओळ खोडणार होते, पण पत्रात खाडाखोड दिसली की सिस्टर मार्क कापायच्या.

आपली,
विजया कारखानीस

•

सुरत, ४ मे १९९७

प्रिय शर्वरी,

जशुबेन परत आल्या. त्यांच्या तोंडून तुझी हकिगत ऐकायची म्हणजे आधी खाखऱ्यांची, मग कस्टमवाल्याची, मग लेकीच्या डिशवॉशरची ऐकावी लागते. शेवटी एकदाची तुझी आली. "वहुए चा पीवडावी. छोकरी तो ताड जेवी थई गई!" तू चहा पाजलास, बरं वाटलं. पण पोरगी ताडाएवढी? मी हाताने उंची विचारली. त्यांनी स्वतःच्या खांद्याला हात लावला. मी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून ठेवली आहे. जुन्या खुणा खालीच आहेत, ही त्यांच्या कितीतरी वर.

पण पत्र नाही.

मयूने बघितलं का? काही म्हणाली का? भूत आवडलं का? मला विचारायला फार आहे आणि विचारायचा हक्क किती हे ठाऊक नाही. दुपारी ऊन असं पडतं की रस्त्यावर कुत्रंही नसतं, मग मी पंख्याखाली बसून पेटीत उरलेल्या कॅसेट बघते. एक आहे पोस्टमन असलेल्या गोगलगायीची. पत्र पोचेपर्यंत घेणाऱ्याचं लग्न होऊन नातवंडं झालेली असतात. ती मला आता तितकीशी विनोदी वाटत नाही.

'धोबी'ची एक प्रत मी किसनकडून करून ठेवली होती, ती पुन्हा पाहिली. चौथ्या भागात बगळा हौदात पडतो आणि नंतर दिसतच नाही. त्याच्या जागी दुसराच एक काळा बगळा येतो आणि त्याच दगडावर बसतो. धोबी त्याच्याकडे बघून खो-खो हसतो. आपल्या सोबत्याच्या मरणावर कोणी असं हसतं का? मला त्या धोब्याचा रागच आला. मी म्हटलंसुद्धा, "निर्दय आहे मेला!"

"निर्दय नाहीये गं," शेजारून आवाज आला.

शेजारून, म्हणजे आता दारातून नव्हे. दारातली उभं राहायची जागा आता सुटली आहे. खुर्ची आधी उंबऱ्याशी आली, मग कपाटाशी, आता ती टीव्हीसमोर माझ्या खुर्चीला लागून असते. पलसाण्याहून मिलची बस सहाला येते, हातपाय धुऊन होतात, पण नखांचा जांभळा रंग धुतला जात नाही. तो हात खुर्चीच्या हातावर असतो आणि मी टीव्ही बघते. मी एवढंच बघते.

शर्वरी, मी शब्द मोडते आहे असं तुला वाटेल. मी कोणाची बाजू मांडत नाही. चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या त्या आठवड्यात सुरत स्टेशनवर काय होतं, ते मीही पाहिलं. दारातून चढणं शक्यच नव्हतं. पाच वर्षांची मयू खिडकीतून तुझ्याकडे दिली गेली आणि फलाटावरून 'रविवारी येतो' असं म्हटलं गेलं. तो रविवार आला नाही. मिलमधली माणसं पळाली होती, हौद चालू होते, ही कारणं मला तेव्हा ठाऊक होती आणि तुलाही नंतर कळली. तोंडाला रुमाल बांधून, मुलीला घेऊन, पुण्याला माहेरी रविवार मोजणाऱ्या बाईला कारणं पुरत नाहीत. महिन्याने तिथे पोचेपर्यंत तुझं ठरलेलं होतं. तू या घरात परत का आली नाहीस, पुढे दादाकडे अमेरिकेला का गेलीस, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. मला ते कळतं.

मला एवढंच जाणून घ्यायचं आहे, की त्या पोरीच्या आणि आमच्यामध्ये एखादा धागा ठेवणं तुला जमेल का. बाप नाही, आजी नाही. निदान एक धोबी आणि एक बगळा. या पत्राचं उत्तर आलं नाही तर मी समजेन आणि पुन्हा लिहिणार नाही. रागाने नव्हे. तुला दर वेळी पाकीट उघडताना धास्ती वाटू नये म्हणून.

तुझी,
विजया कारखानीस

•

सुरत, २२ जून १९९७

चि. शर्वरी,

(आज 'चि.' लिहिते आहे. तू मायन्यात 'आई' लिहिलंस, म्हणून.)

तुझं पत्र मिळालं. 'मयू सांगते तसंच लिहिते आहे, माझा एकही शब्द नाही,' असं म्हणून तू तिचं बोलणं उतरवून दिलंस, ते मी इथे पुन्हा उतरवते. कशासाठी? असंच. हाताला बरं वाटतं म्हणून.

'आजी, तू चष्मा बदल. तो धोबी नाहीये! पांढरं कापड आत जातं आणि लाल होऊन बाहेर येतं. दुसरं पिवळं होतं. तो धूत नाही, रंग देतो. बाबासारखा. आणि बगळा दुसरा नाहीये, तोच आहे. तो हौदात पडला आणि निळा झाला. म्हणून तो माणूस हसतो. आईपण एवढी हसली की तिला ठसका लागला. ती म्हातारी रडते कारण तिचं कापड जुनं जुनं होऊन पांढरं झालं होतं. तिने डोळे मिटले की तिला ते लाल दिसायचं. आता डोळे उघडे ठेवूनपण लाल दिसतं. म्हणून रडते. कळलं का?'

कळलं गं बाई, कळलं.

खाली तू दादाचं म्हणणं लिहिलंस, की जपानची आणि अमेरिकेची टीव्हीची पद्धत एक, आपली वेगळी. म्हणून आपल्या टीव्हीला त्या कॅसेटमधला रंग काढता येत नाही. रंग उडालेला नव्हताच. मी खाली जाऊन किसनला सांगितलं.

"म्हणजे रंग व्हता?"

"होता."

"आतमध्येच?"

"आतमध्येच."

"मंग हजिऱ्याच्या हवेले मी उगाच नाव ठेवलं," तो म्हणाला, आणि असा खिन्न झाला की मलाच त्याला चहा पाजावा लागला.

शर्वरी, मी आठ महिने एका रंगाऱ्याची गोष्ट धोब्याची म्हणून बघत होते. तेही कोणत्या घरात बसून! ज्या घरातला मुलगा मिलमध्ये डाइंग मास्टर, म्हणजे रंगारीच, आहे. बघ, लिहून गेले. पण शब्द मी मोडलेला नाही. 'बाबा' हा शब्द या पत्रव्यवहारात आधी तुझ्या लेकीने आणला, आणि तो तू तुझ्या हाताने लिहिलास. गाळता आला असता. तू गाळला नाहीस.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं नाही. टेबलावर उघडं ठेवलं आणि भाजी आणायला गेले. भाजी काही नको होती. परत आले तेव्हा पत्र जिथल्या तिथे होतं, पण त्यावर पाण्याचा पेला ठेवलेला होता, पंख्याने उडू नये म्हणून.

मी विचारलं, "सौरभ, तो धोबी नाही हे तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. धोबी कधी कापडाचं टोक उजेडात धरून बघतो का?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं, तर तू ती कॅसेट पाठवली असतीस?"

मी नसती पाठवली. तुला दिलेल्या शब्दामुळे मी ती पेटीच्या तळाशी ठेवली असती आणि भुतावर भागवलं असतं. मुलगा आपला, पण त्याला मी किती ओळखते, असं मला त्या क्षणी वाटलं. बोलायला तो पहिल्यापासून कंजूष. तुझं त्याच्याशी पटेना त्यात हेही होतंच ना? पण एवढा वेळ तो माझ्या शेजारी बसून, मी काहीबाही तर्क करत असताना, गप्प राहिला. स्वतःचा धंदा, न सांगता, समुद्रापलीकडे मुलीकडे जाऊ दिला.

आता माझं डोकं एकाच गोष्टीत आहे. ते सगळं कसं दिसतं? लाल म्हणजे कुंकवासारखं की विटेसारखं? बगळ्याचा निळा कोणता? नदी कोणत्या रंगाची? मी पुन्हा बघायला बसते तर पांढऱ्या-काळ्यात काहीच सापडत नाही, आणि आता मला ठाऊक आहे की ते आत आहे. फार चुटपुट लागते.

मयूला म्हणावं, नुसतं 'लाल' सांगून चालणार नाही. सोबत मिलचं एक शेड कार्ड पाठवते आहे. एकेका रंगाचा कापडाचा बोटभर तुकडा आणि खाली नंबर. साडीवाले गिऱ्हाइकांना दाखवतात तेच. तिने बघून मला नुसते नंबर कळवायचे : बगळा इतका, म्हातारीचं कापड इतकं. मी कार्ड घरातूनच घेतलं. कोणी दिलं, कोणी तुकडे सुटू नयेत म्हणून परत डिंक लावून दिले, ते तू विचारू नकोस.

तुझी,
आई

•

सुरत, ३१ ऑगस्ट १९९७

चि. शर्वरी,

शेड कार्डाचं उत्तर मिळालं. काल संध्याकाळी आम्ही टीव्ही लावला, दुसरं कार्ड मांडीवर घेतलं आणि मयूने सांगितलेले नंबर बघत एकेक भाग पुन्हा पाहिला. म्हातारीचं कापड सदतीस. मी सदतीसवर बोट ठेवायचं, पडद्याकडे बघायचं, आणि काय सांगू, दिसतं! डोळ्यांना थोडा वेळ लागतो, पण दिसतं. बगळा बावन्न. मी खिडकीशी जाऊन बावन्न बघितला आणि माझीच हसून पुरेवाट झाली. असल्या रंगाचा बगळा बघून कोण हसणार नाही? त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला मी निर्दय म्हटलं होतं.

मालिका मध्येच बंद पडली हे मी तुला सांगितलं होतं. शेवटच्या भागात तो रोज येणारा मुलगा पहिल्यांदा स्वतः कापड हौदातून काढतो, नदीत सोडतो, आणि कापड वाहत वाहत उलगडत जातं. तिथे संपतं. मला वाटायचं, फारच फिकट शेवट. ते कापड माझ्या टीव्हीत नुसतं राखाडी दिसतं, पाण्यासारखंच.

तू लिहिलंस, 'मयू म्हणते, शेवटचा रंग कार्डात नाही. चौसष्ट आणि पासष्टच्या मधला आहे. मधला रंग कसा करतात, असं ती विचारते. मला माहीत नाही. कोणाला विचारायचं ते तुम्ही ठरवा.'

शर्वरी, ते वाक्य लिहायला तुला किती जड गेलं असेल, ते मी ओळखते. म्हणून मी घाई केली नाही. पत्र पुन्हा टेबलावर ठेवलं. या वेळी भाजीला गेले नाही, तिथेच बसून शेंगा निवडत राहिले.

तो वाचून उभा राहिला. कार्ड उचललं, खिडकीशी गेला. चौसष्ट मोरपिशी, पासष्ट समुद्री, मला तर दोन्ही सारखेच वाटतात. तो तिथेच उभा. मग मला म्हणाला, "मधला म्हणजे कसा? कोणीकडे झुकणारा?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? मी तर त्याला धोबी समजले होते."

"मग कोणाला विचारू?"

मी शेंगा निवडत राहिले. शाळेतही मी हेच करायची. मुलाला उत्तर येत असलं की त्याच्याकडे बघायचं नाही.

आणखी एक मालिका सांगायची होती, कासवाच्या पाठीवर गाव असतं ती. पण कागद संपत आला आहे आणि खालची जागा मला सोडायची आहे. ती गोगलगायही पाठवेन, आता पुन्हा विनोदी वाटायला लागली आहे. खोकला आहे म्हणतेस, त्याला काढा घे. मयूच्या चपलेचा नंबर कळव.

खालच्या ओळी माझ्या नाहीत. तुला नको असतील तर इथे घडी घालून फाड, मी मुद्दाम अंतर सोडलं आहे.

तुझी,
आई

मयू,
कार्ड टीव्हीच्या काचेला लावून बघू नकोस, काच फसवते. आधी डोळे मिट आणि ते कापड नदीत उलगडतं तेव्हाचा रंग आठव. मग सकाळी, लाइट न लावता, खिडकीशी जाऊन चौसष्ट आणि पासष्ट बघ. तुझा रंग हिरव्याकडे जास्त झुकतो की निळ्याकडे? तेवढं सांग. मी तुकडा रंगवून पाठवतो. जमला नसेल तर तसं लिही. राग येणार नाही. पुन्हा करेन. रंग पहिल्यांदा कधीच बरोबर येत नाही.
बाबा